गल्ल्यावर माणूस नसलेलं दुकान: या चुका टाळा

अमेझॉननं जानेवारी २०१८ मध्ये सिएटलला 'अमेझॉन गो' लोकांसाठी उघडलं, तेव्हापासून 'माल उचला आणि चालू पडा' हे अनेकांच्या डोक्यात बसलंय. छतभर कॅमेरे, फळ्यांखाली वजनकाटे, आणि बिल आपोआप. त्याच अमेझॉननं २०२४ मध्ये अमेरिकेतल्या 'फ्रेश' या आपल्या किराणा दुकानांतून ही पद्धत काढायला घेतली आणि स्कॅन करणाऱ्या ट्रॉलीवर भर दिला. म्हणून दहा बाय बाराच्या दुकानासाठी कोणी कॅमेऱ्यांची कोटेशनं घेऊन आलं, की मी आधी त्याला चहा पाजतो. बारकोड स्कॅनर, पिशवीखाली एक काटा, साधा टॅबलेट आणि यूपीआय एवढ्यावर सोसायटीतलं दुकान चालतं. अडतं ते भलतीकडेच.

सगळ्यात जास्त भांडणं एमआरपीवरून. बारकोडमध्ये किंमत नसते, फक्त मालाचा नंबर असतो. आमच्या पहिल्या दुकानात एकाच बारकोडचे जुन्या आणि नव्या किमतीचे तेलाचे पुडे शेजारी शेजारी होते. मशीननं नवी किंमत लावली. एका काकूंनी पुडा उलटा करून माझ्यासमोर धरला, "यावर १३८ छापलेत, तुझं मशीन १४२ कसे मागतंय?" त्यांचंच बरोबर होतं, छापील एमआरपीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही. आता एका बारकोडखाली दोन किमती असल्या, की पडद्यावर दोन मोठी बटणं येतात: पुड्यावर किती छापलंय? कोणी मुद्दाम कमीचं दाबेल, दाबू दे. जुना माल संपला की ते बटण काढायचं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा उलटं झालं, बऱ्याच मालावर छापील किंमत जास्त आणि घ्यायची कमी. किंमत बदलायला प्रोग्रामर लागत असेल तर अशा दिवशी दुकान बंदच ठेवावं लागतं.

दुसरी चूक काट्यावर आंधळा विश्वास. स्कॅन केलं तेच पिशवीत पडलं का, एवढंच त्यानं सांगायचं असतं. स्वस्तातला लोड सेल (वजन ओळखणारा सेन्सर) आणि त्याचा आकडा वाचणारा एचएक्स७११ बोर्ड हे काम नीट करतात, पण दुपारी पत्रा तापला की रिकाम्या काट्यावर ७ ग्रॅम दिसतात. वजन तासन्‌तास तसंच राहिलं तरी आकडा सरकतो. एकदा आकडा नाचत होता म्हणून आम्ही दोन दिवस वायरी तपासल्या. डोक्यावरचा पंखा बंद केल्यावर तो थांबला. म्हणून एकूण वजन बघूच नका, वस्तू ठेवण्याआधीचा आणि नंतरचा फरक बघा, आणि काटा रिकामा असताना शून्य आपोआप लागू द्या. मशीनमध्ये पाकिटावरचं निव्वळ वजनही भरू नका, त्यात वेष्टन नसतं. शिवाय ५० ते १०० ग्रॅमच्या पाकिटात साडेचार ग्रॅमची तूट कायद्यालाच चालते. तुम्ही दोन ग्रॅम फरकाची मर्यादा ठेवली तर प्रामाणिक गिऱ्हाइकासमोर लाल दिवा लागतो, आणि ते परत येत नाही. दहा पाकिटांचं वजन स्वतः करून बघा, मग मर्यादा ठरवा.

या काट्यावर सुटा माल मात्र विकू नका. त्याला सरकारच्या वैधमापन खात्याचा शिक्का असलेलाच काटा लागतो. बचत गटाच्या चकल्या आधीच पाकिटबंद घ्या आणि २ नं सुरू होणारा बारकोड चिकटवा. बारकोडच्या सुरुवातीचे २०० ते २९९ हे आकडे दुकानातल्या अंतर्गत वापरासाठीच राखलेले आहेत.

पैशांचं थोडक्यात: गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरची हिरवी खूण हा पुरावा नाही. प्रत्येक बिलाला रकमेसकट नवा क्यूआर दाखवा आणि पैसे आल्याचा निरोप पेमेंट कंपनीच्या सर्व्हरकडून आला तरच बिल बंद करा. निरोप अडकला तर 'पुन्हा पैसे भरा' असं कधीही दाखवू नका, 'थांबा, तपासतोय' म्हणा आणि दुकानदाराला फोन जाऊ द्या. उधारीवाल्यांसाठीही तोच फोन.

दाराला विजेवरचं कुलूप लावायचंच असेल तर वीज गेली की उघडणारं घ्या. आमचं पहिलं उलटं होतं. लाइट गेली, इन्व्हर्टर बसलेला, आणि आत एक आजोबा दुधाची पिशवी धरून पंचवीस मिनिटं.