राइस कुकर अन् सर्व्हिस सेंटर : नागपूरकरांनो, हे आधी वाचून घ्या

राइस कुकर बिघडला की लगेच कस्टमर केअरला फोन लावू नका. आधी प्लग काढा, कुकर थंड होऊ द्या, आतलं भांडं बाहेर काढा अन् त्याचं बूड अन् खालची गोल प्लेट उजेडात नीट बघा. भात खालून करपतो, वरून कच्चा राहतो, खटका लवकर पडतो, अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथंच असतं.

कुकर चालतो कसा ते एकदा समजून घ्या, म्हणजे मेकॅनिक सांगेल ते मुकाट ऐकावं लागत नाही. प्लेटच्या मधोमध स्प्रिंगवर एक गोल तुकडा असतो, त्यात चुंबक असतं. भांड्यात पाणी आहे तोवर बुडाचं तापमान १०० डिग्रीच्या आसपासच राहतं, पाणी तांदळात मुरलं की ते वर चढतं, अन् साधारण १०३ला त्या चुंबकाची पकड सुटते, खटका टक करून पडतो अन् कुकर वॉर्मवर जातो. म्हणजे सगळं काम भांडं प्लेटला सपाट टेकण्यावर आहे. मधात एखादं वाळलेलं शीत अडकलं, भांडं बाहेरून ओलं राहिलं किंवा बुडाला पोचा आला की खटक्याला खरं तापमान कळतच नाही. प्लेट थंड झाल्यावर ओल्या फडक्यानं पुसा, मग कोरडी करा, अन् मधला तो तुकडा बोटानं दाबून बघा, तो मोकळा खालीवर व्हायला पायजे.

आपल्या इकडे एक सवय आहे, गोळाभात करताना फोडणी घालायला हेच भांडं सरळ गॅसवर ठेवतात. नका ठेवू. पातळ ॲल्युमिनियमचं बूड गॅसवर वाकतं अन् एकदा वाकलं की नवीन भांडंच घ्यावं लागतं, बहुतेक वॉरंटीत ते बसत नाही. फोडणी वेगळ्या कढल्यात करा, भात अर्धा शिजला की गोळे वरून ठेवा, झाकणाच्या वाफेवर मस्त होतात.

उन्हाळ्यात अजून एक गोष्ट होते. एप्रिल-मेमधे घरोघरी कूलर सुरू, व्होल्टेज पडलेलं, अन् मग लोक म्हणतात कुकर ढिला झाला. २३० व्होल्टच्या जागी १९० मिळून राहिले असले तर ७०० वॉटचा कुकर जेमतेम पावणेपाचशे वॉटवर चालतो, भाताला वेळ लागणारच. तेव्हा एकदा सकाळी लवकर लावून बघा, फरक दिसला तर कुकर चांगला आहे. अन् महाल, इतवारीतल्या जुन्या घरांत अर्थिंग तपासूनच कुकर लावा. बॉडीला हात लावला अन् झिणझिण्या आल्या तर वापरणं तिथल्या तिथं बंद. थ्री पिनची जाड पिन तोडून टू पिनमधे घुसवायचा प्रकार तर करूच नका, ती पिनच शॉकपासून वाचवते.

आता कुकर पूर्णच मेला, एकही लाइट लागत नाही, तेव्हा काय? आधी त्याच सॉकेटमधे दुसरं काहीतरी लावून बघा, मग वायर बदलून बघा. तरी काही नाही तर बऱ्याचदा आतला थर्मल फ्यूज, म्हणजे कुकर जास्त तापला की वीज तोडणारा पार्ट, उडालेला असतो. छोटा, स्वस्त पार्ट आहे. आमच्या शेजारच्या काकूंना सर्व्हिसवाल्यानं बघताक्षणी सांगितलं, "प्लेट गेली ताई, नवीन घेऊन टाका," अन् खोलून पाहिलं तर फक्त फ्यूज होता. म्हणून मीटर लावून दाखवा म्हणा, तुमच्यासमोर. पण फ्यूज काढून वायर डायरेक्ट जोडून देतो म्हणणाऱ्याला अजिबात हो म्हणू नका, खटका अडकला तर आग लागू शकते. अन् फ्यूज काऊन उडाला हेही विचारा, नाहीतर नवीनही उडेल.

खरेदीच्या वेळची काळजी पुढं खूप कामी येते. सीताबर्डीतून घ्या की ऑनलाइन, आधी कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड टाकून नागपुरात सर्व्हिस सेंटर आहे का बघा अन् तिथं फोन करून विचारा. "बिल घेतलं तर जीएसटी वेगळा लागेल" असं कोणी म्हणलं तर सांगा की एमआरपीत सगळे टॅक्स धरलेलेच असतात. वॉरंटी कार्डवर तारीख, शिक्का घ्या. कुकरच्या बुडावरच्या सिरीयल नंबरचा अन् बिलाचा फोटो काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची शाई उडून जाते अन् नेमकी वॉरंटीत गरज पडते तेव्हा कागद कोरा.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, खोक्यावरचा किंवा वॉरंटी कार्डावरचाच लावा. खोटे नंबर टाकून बसलेले लोक "दहा रुपये रजिस्ट्रेशन" म्हणत लिंक पाठवतात अन् खातं साफ करतात. झालंच असं तर लगेच १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. तक्रार दिली की कंप्लेंट नंबर घ्या. काम पूर्ण झाल्याशिवाय मेकॅनिकला ओटीपी देऊ नका, ओटीपी दिला की त्यांच्या सिस्टिममधे काम झालं असं धरून कॉल बंद होतो अन् मग पहिल्यापासून सुरू. कुकर सेंटरला द्यायचा असला तर जॉबशीटवर भांडं, झाकण, वायर काय काय दिलं ते लिहून घ्या. वॉरंटी संपलेली असली तर खोलायच्या आधी एस्टिमेट, नंतर जुना पार्ट परत अन् पक्कं बिल.

तरी टाळाटाळ झाली तर फोनवर भांडत बसू नका, ईमेल करा, सगळं लेखी राहतं. ऑनलाइन साइटवरून घेतलं असेल तर २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच अन् एका महिन्यात निवारण करायला पायजे. त्यानं हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. इथं पैसे लागत नाहीत अन् तक्रार थेट कंपनीकडे जाते, अनेक कंपन्या इथंच नरमतात.

शेवटचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोग. घाबरू नका, वकील लागतोच असं नाही, अन् वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असली तर फीही नाही. कंपनी चेन्नईची असो की दिल्लीची, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही जिथं राहता तिथं, म्हणजे नागपुरातच तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही. मुदत दोन वर्षं. तक्रार टाकायच्या आधी कंपनीला रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवा, पोचपावतीसकट, अन् बिल, जॉबशीट, ईमेल सगळं तारखेवार लावून जोडा.