जुनी बॉक्स्टर घ्यायची, तर आधी भीतीचा हिशेब मांडा

इंग्लंडात सात-आठ हजार पौंडांत पोर्शे मिळते हे कळलं की डोक्यात दोन विचार लागोपाठ येतात. पहिला, "घेऊन टाकू." दुसरा, "एवढी स्वस्त कशी काय?" दुसऱ्या विचारापाशी बहुतेक जण अडकतात. रात्री जागून इंजिन फुटल्याच्या कहाण्या वाचतात आणि सकाळी गप्प नवी हॅचबॅक बुक करतात. मी रेडिंगला राहते, माझ्याकडे पोर्शेची 2003 ची 2.7 लिटरची बॉक्स्टर आहे, टप उघडणारी दोन सीटची गाडी. ओळखीतलं कोणी जुनी स्पोर्ट्स कार घ्यायला निघालं की फोन मला येतो. प्रत्येकाला जे सांगते तेच इथे मांडते.

गाडी बघायला जाण्याआधी एक कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. एका बाजूला इंजिनचा जीव घेणारे बिघाड, दुसऱ्या बाजूला नुसता खिसा कापणारे. लोक या दोन्हींची भेळ करतात आणि कडकड वाजणाऱ्या सस्पेन्शनला घाबरून चांगली गाडी सोडतात. जुन्या बॉक्स्टरमध्ये पहिल्या बाजूला मुख्यतः दोनच नोंदी येतात: मधल्या शाफ्टचं बेअरिंग आणि सिलिंडरवर पडणारे ओरखडे. बाकी सगळं दुसऱ्या बाजूला.

बेअरिंगचं आधी. या इंजिनात क्रँकशाफ्टचं फिरणं कॅमशाफ्टपर्यंत पोचवायला मध्ये एक शाफ्ट आहे, आयएमएस म्हणतात त्याला. त्याच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग बसवलंय. वर्षानुवर्षांत त्याचं सील दाद देईनासं होतं, आतलं ग्रीस धुऊन जातं आणि बेअरिंग कोरडं पडतं. ते गेलं की टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं. सुरुवातीच्या गाड्यांत दुहेरी रांगेचं, जास्त दणकट बेअरिंग होतं. साधारण 2000 पासून 2005 पर्यंत एकेरी रांगेचं आलं, आणि बदनामी झाली ती याची. अमेरिकेत 2001 ते 2005 मॉडेलच्या गाड्यांवरून सामूहिक दावा होऊन तडजोडही झाली. 2006 च्या सुमारास बेअरिंग मोठं केलं. ते क्वचितच जातं, पण इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय बदलताही येत नाही. 2009 च्या फेसलिफ्टपासून इंजिनच नवं आलं, त्यात हा शाफ्टच नाही.

नुसतं गाडीचं साल बघून निकाल लावू नका, कारण वॉरंटीत इंजिन बदललेल्या गाड्या बऱ्याच आहेत. इंजिनवरचा नंबर बघायचा. आणि "फारच कमी चाललीय हो, नुसती गॅरेजमध्ये उभी असते" हे वाक्य ऐकून खूश होऊ नका. या बेअरिंगला उभं राहणं मानवत नाही, असंच बहुतेक जाणकार मेकॅनिक सांगतात. नेमाने चाललेली, वेळेवर तेल बदललेली एक लाख मैलांची गाडी मला तीस हजार मैलांच्या शोभेच्या गाडीपेक्षा बरी वाटते.

आता सिलिंडर. आमचं कोल्हापूरला उद्यमनगरात इंजिन बोरिंगचं दुकान. ट्रॅक्टरपासून टेम्पोपर्यंत कसलाही ब्लॉक येवो, आप्पा बोअर मारून, होनिंग करून, ओव्हरसाइज पिस्टन घालून परत पाठवायचे. बॉक्स्टरचं सांगितलं तर फोनवर म्हणाले, "ओरखडा पडला तर लायनर टाक की. हाय काय त्यात?" त्यात बरंच काही आहे. या ब्लॉकला लोखंडी लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आत बसवायची नळी, नसतेच. ॲल्युमिनियमच्या भिंतीतच सिलिकॉनचे कण बसवलेले असतात आणि पिस्टनवर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. तो मुलामा सोलवटला की पिस्टन थेट भिंतीला घासतो. नुसता बोअर मोठा करून भागत नाही, इंजिन पूर्ण खोलून नवे सिलिंडर बसवावे लागतात आणि बिल दहा-बारा हजार पौंडांवर सहज जातं. म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. हे ऐकल्यावर आप्पा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग त्याल किती खातीय ते बघ आधी." याहून चांगला सल्ला मला इथल्या कुठल्या तज्ज्ञाने दिलेला नाही. विकणाऱ्याला सहज विचारायचं, दोन सर्व्हिसच्या मध्ये तेल किती घालता? "कधीच नाही" असं उत्तर आलं तर एक तर तो कधी बघत नाही, नाही तर खोटं बोलतोय. "अधूनमधून अर्धा लिटर" म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसतो.

ओरखड्यांचा धोका सगळ्या इंजिनांना सारखा नाही. 2007-08 च्या 3.4 लिटरच्या एस मॉडेलमध्ये तो जास्त, साध्या 2.5 आणि 2.7 मध्ये बराच कमी. म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्याला माझं सांगणं सरळ आहे. पैसे असतील तर 2009 नंतरची 2.9 घ्या. तिच्यात तो शाफ्ट नाही आणि डायरेक्ट इंजेक्शनही (इंधन थेट सिलिंडरमध्ये मारायची पद्धत) नाही, म्हणजे कटकटी दोन्हीकडून कमी. पैसे कमी असतील तर बेअरिंग बदललेली जुनी 2.7. मधली 3.4 पळायला सगळ्यात मजेची, पण सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून बघितल्याशिवाय तिला हात लावू नका.

खिसा कापणाऱ्या बाजूला मोठी यादी येते, पण तिच्यात घाबरण्यासारखं काही नाही. कूलंटची टाकी मागच्या डिकीत असते आणि तिला तडे जातात, म्हणून डिकीतला गालिचा उचलून खाली ओल किंवा गुलाबी डाग आहेत का ते बघा. पुढच्या बंपरच्या जाळीतून टॉर्च मारा. रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरसमोर पाला साठून कुजतो आणि त्यांना गंज लागतो. स्पार्क प्लगला वीज देणाऱ्या कॉइल पॅकना चिरा पडल्या की पावसाळी हवेत इंजिन अडखळतं. स्पीड ब्रेकरवर टक-टक आली तर सस्पेन्शनच्या कंट्रोल आर्मची रबरी बुशं गेलेली. सुरू करताना पांढऱ्या धुराचा लोट येऊन तो थांबेचना, तर तेल आणि हवा वेगळी करणारा सेपरेटर गेलाय. क्षणभर येणारा निळसर धूर मात्र आडव्या सिलिंडरच्या इंजिनात चालायचाच.

टपाकडे मात्र नीट बघा. टप दुमडून बसतं तिथे दोन्ही कोपऱ्यांत पाणी वाहून जायला भोकं असतात. ती पाल्याने तुंबली की पाणी आत उतरतं, आणि 986 मध्ये, म्हणजे पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये, इमोबिलायझरचा कंट्रोल युनिट नेमका सीटखाली बसवलाय. पाणी त्याच्यापर्यंत पोचलं तर गाडी चावीच ओळखत नाही. सीटखाली हात घालून गालिचा दाबायचा. ओला लागला तर भाव पाडायचा, किंवा सरळ घरी यायचं.

या गाड्यांत पार्टपेक्षा मजुरी महाग. इंजिन मधोमध बसवलेलं, वरून हात पोचत नाही, आणि हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात त्यामुळे खालचे बोल्ट गंजून जाम झालेले असतात. म्हणून बिघाड एकेकटा मोजायचा नाही, एकदा गिअरबॉक्स उतरवला की काय काय उरकता येईल ते मोजायचं. क्लच, क्रँकचं मागचं ऑइल सील आणि आयएमएस बेअरिंग, तिन्ही एकाच मजुरीत होतात. चांगल्या स्वतंत्र गॅरेजमध्ये दीड ते अडीच हजार पौंड धरा. याचा उलटा फायदाही आहे. बेअरिंग न बदललेल्या गाडीचा क्लच जड लागला, म्हणजे झिजत आलेला असला, तर मी नाराज होत नाही. क्लचच्या नावाने भाव पाडायचा आणि त्याच खर्चात थोडी भर घालून बेअरिंगही बदलून घ्यायचं. ज्या गाडीचा क्लच नुकताच बदललाय पण बेअरिंग तसंच ठेवलंय, ती सगळ्यात अवघड. तीच मजुरी पुन्हा भरायची कोणाच्या जिवावर येणार नाही?

आता कागद. ब्रिटनमध्ये नंबर प्लेट टाकली की गाडीचा एमओटीचा, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, सगळा इतिहास सरकारी वेबसाइटवर फुकट दिसतो. पास-नापास सोडा, त्याखालच्या सूचना वाचा. "मागचे टायर आतल्या कडेने झिजलेत" हे लागोपाठच्या दोन-तीन वर्षांत दिसलं तर मालक अलाइनमेंटलाही पैसे घालत नाही हे कळलं. "ब्रेक पाइपला गंज" दरवर्षी दिसतंय आणि कधीच नाहीसं होत नाही, तेही तसंच. मैलांचे आकडे वर्षागणिक चढते आहेत ना, तेही तिथेच दिसतं. कर्ज बाकी आहे का, अपघातानंतर विमा कंपनीने मोडीत काढल्याची कॅटेगरी एस किंवा एन लागलीय का, हे वीसेक पौंडांच्या तपासणीत कळतं. ते पैसे वाचवू नका.

मग बिलांची फाइल. माझ्या गाडीच्या वेळी विकणाऱ्या आजोबांनी चहा ठेवला आणि टेबलावर जाडजूड फाइल आणून आदळली. बेअरिंग बदललंय असं जाहिरातीत होतं, पण मी ते बिल शोधून वाचलं. त्यावर काय असावं? गॅरेजचं नाव, त्या दिवशीचे मैल, बेअरिंगच्या किटचं नाव, आणि क्लच व सीलही त्याच बिलात. नुसतं "आयएमएस तपासलं, ठीक" एवढं लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही, कारण गिअरबॉक्स न उतरवता ते बाहेरून तपासताच येत नाही. फाइलमध्ये मधलीच तीन-चार वर्षं गायब असतील तर विचारा. उत्तर देताना माणूस कुठे बघतो तेही बघा. तिथून उठून टायर बघायचे. चारही नावाजलेले आणि एका एक्सलवर सारखे असतील, तर बाकीची निगाही बहुतेक तशीच राखलेली असते.

जाताना आदल्या दिवशी निरोप ठेवा, "मी येईपर्यंत सुरू करू नका." पोचल्यावर आधी सायलेन्सरला हात लावा. कोमट लागला तर गाडी तुमच्यासाठी गरम करून ठेवलीय, आणि त्यामागे काहीतरी कारण असणार. थंड इंजिनचा पहिला मिनिट कान देऊन ऐका. मग गरम होईपर्यंत चालवा, टप उघडं ठेवून, म्हणजे मागून येणारी टिकटिक कानावर येते. गरम झाल्यावर टिकटिक वाढत गेली तर ती तुमची गाडी नव्हे.

एवढं पार पडलं तरच पोर्शेचं काम करणाऱ्या स्वतंत्र गॅरेजकडून तपासणी करून घ्या, दोन-तीनशे पौंड लागतात. त्यांना तीन गोष्टी मुद्दाम सांगा: तेलाचा फिल्टर कापून आत धातूचा चुरा आहे का बघा, सिलिंडरमध्ये कॅमेरा घाला, आणि कॉम्प्युटरमधून ओव्हर-रेव्हच्या, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे फिरल्याच्या, नोंदी काढा. 987 मध्ये, म्हणजे दुसऱ्या पिढीत, या नोंदी सहा टप्प्यांत साठतात. वरच्या टप्प्यांत आकडे असतील तर कोणीतरी वेगात असताना चुकून खालचा गिअर टाकलेला आहे. विकणारा तपासणीला नाही म्हणाला तर वाद घालत बसू नका, चहाचे आभार मानून निघा.

सगळी बेरीज झाली की एक आकडा ठरवा आणि तो गाडीच्या किमतीत धरा. माझा हिशेब असा की आठ हजारांची गाडी घ्यायची तर खात्यात अडीच-तीन हजार वेगळे हवेत. ते नसतील तर साडेपाच हजारांची गाडी शोधायची नाही, थांबायचं. स्वस्तातली बॉक्स्टर शेवटी सगळ्यात महाग पडते. रोड टॅक्सही या आकड्यात धरा. किलोमीटरला 225 ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या गाडीची पहिली नोंदणी 23 मार्च 2006 च्या आधीची असेल तर कर एका पायरीवर थांबतो, नंतरची असेल तर बराच जास्त बसतो. लंडनमध्ये ये-जा असेल तर गाडीचा नंबर यूलेझच्या (जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरचा तिथला आकार) तपासणीत टाकून बघा. निकषात बसली नाही तर रोज साडेबारा पौंड.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात तेल आणि फिल्टर बदला, मागच्या मालकाने काहीही सांगितलं असलं तरी. टपाच्या भोकांत प्लॅस्टिकची लवचीक नळी हलक्या हाताने फिरवा. आणि 987 घेतली असेल तर बॅटरी चार्जर घ्या. बॅटरी पुढच्या बॉनेटखाली असते आणि बॉनेटचं कुलूप विजेवर उघडतं. बॅटरी उतरली की बॉनेट उघडत नाही, आणि बॉनेट उघडल्याशिवाय बॅटरीला हात लागत नाही. त्यासाठी फ्यूज बॉक्समध्ये बाहेर ओढायचा एक टर्मिनल दिलाय, त्याला दुसऱ्या बॅटरीची वायर लावायची. तो कुठे आहे ते आजच उजेडात बघून ठेवा.