नायट्रोबेंझिनचं ॲनिलिन करताना या चुका टाळा

विजेच्या सेलमध्ये कॅथोडवर (ऋण इलेक्ट्रोडवर) नायट्रोबेंझिनचं ॲनिलिन बनवायला बसलात आणि बीकरमध्ये केशरी रंग उतरला, तर बहुधा ॲनिलिनऐवजी नको असलेलं ॲझोबेंझिन झालंय. मी अशा वेळी आठवडाभर कॅथोडवरच्या रॅने निकेलला (सच्छिद्र निकेलचा उत्प्रेरक) शिव्या घातल्या, इलेक्ट्रोड तीनदा नव्याने केला. चूक द्रावणात होती. नायट्रो गटाचा अमिनो होताना सहा इलेक्ट्रॉनांबरोबर सहा प्रोटॉनही खर्च होतात. पाणी-मिथेनॉलमध्ये नुसतं सोडियम सल्फेट टाकलं, तर कॅथोडलगतचं द्रावण अल्कधर्मी होत जातं. मग अर्धवट क्षपण झालेलं (पुरेसे इलेक्ट्रॉन-प्रोटॉन न मिळालेलं) नायट्रोसोबेंझिन आणि फिनाइलहायड्रॉक्सिलअमाइन आपसातच जुळून बसतात: आधी ॲझॉक्सी, पुढे ॲझो. बफर (पीएच स्थिर ठेवणारं मिश्रण) घाला, स्टरर थांबू देऊ नका, पीएच पट्टी अधूनमधून बुडवत राहा. बोअरचं पाणी तर नकोच. त्यातल्या कॅल्शियमचा पांढरा थर नेमका कॅथोडवर चढतो.

पण म्हणून आम्लही भसाभस ओतू नका. कडक सल्फ्युरिक आम्लात तेच हायड्रॉक्सिलअमाइन पॅरा-अमिनोफिनॉल होतं (तो पॅरासिटामॉलचा कच्चा माल, त्यांची चंगळ!) आणि निकेलही विरघळतं.

हिशेबातही फसगत होते. १.२३ ग्रॅम, म्हणजे १० मिलिमोल नायट्रोबेंझिनला ५,७८९ कूलॉम लागतात. अर्ध्या अँपिअरला साधारण सव्वातीन तास. पण घड्याळ बघून सेल बंद करू नका. नायट्रोबेंझिन विरळ झालं की उरलेला करंट हायड्रोजन काढण्यात जातो. बुडबुडे वाढले की करंट उतरवा आणि टीएलसी (नायट्रोबेंझिन उरलंय का ते दाखवणारी पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) बघूनच थांबा. पॉवर सप्लायवरचा व्होल्टेजचा आकडा अख्ख्या सेलचा असतो. एकट्या कॅथोडचं पोटेन्शियल (विद्युत विभव) कळायला रेफरन्स इलेक्ट्रोडच (तुलनेसाठीचा, स्थिर विभवाचा) लागतो. पोटेन्शियल बदललं की पदार्थ बदलतो, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरने १८९८ मध्येच दाखवलं होतं.

ॲनोडवर (धन इलेक्ट्रोडवर) काळा-हिरवा लेप? दोन इलेक्ट्रोडमधला पडदा, म्हणजे मेंब्रेन, लावलं नाही किंवा ते गळतंय. तयार झालेलं ॲनिलिन तिकडे जाऊन पॉलिॲनिलिन होतंय.

आणि नागपूरचा मे. बाहेर ४५ अंश, कूलर घरघरतोय, तरी मिथेनॉल उडून जातं; सेल थंड पाण्याच्या टबात ठेवा. घामाने हातमोजे काढावेसे वाटतात, काढू नका. नायट्रोबेंझिन आणि ॲनिलिन दोन्ही कातडीतून आत शिरतात. ओठ, नखं निळसर दिसली तर काम टाकून थेट दवाखाना. रॅने निकेल लागलेला फिल्टर पेपर पंख्याखाली वाळत ठेवू नका, पाण्यातच बुडवून ठेवा. आमच्याकडे एकाने ठेवला होता; चहा पिऊन परत येईस्तोवर पेपराच्या कडेला लाल ठिणग्या पळत होत्या, आणि हातभर अंतरावर मिथेनॉलची उघडी बाटली.