जर्दाळू फुलतो तेव्हा: एप्रिलमधील लडाख सहलीची आखणी

लडाखमध्ये जर्दाळूची झाडे एप्रिलमध्ये फुलतात आणि एका झाडावरचा बहर जेमतेम आठवडा-दहा दिवस टिकतो. त्यातच जोराचा वारा सुटला किंवा अवकाळी बर्फ पडला तर तो आणखी लवकर ओसरतो. म्हणून ‘अमुक तारखेला बहर नक्की असेल’ असे सांगून सहल विकणाऱ्यावर फारसा विश्वास ठेवू नये. तरीही या अनिश्चिततेत एक नियम पक्का आहे. बहर उंचीप्रमाणे चालतो. सिंधूच्या खालच्या अंगाला, तीन हजार मीटरपेक्षा कमी उंचीवर असलेल्या गावांत तो एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, लेहच्या पश्चिमेकडील शाम भागातील गावांत साधारण महिन्याच्या मध्याला पोहोचतो आणि लेह शहराच्या आसपास महिना सरता सरता दिसू लागतो. सपाटीवरून आलेल्या माणसाच्या शरीरालाही हाच क्रम मानवतो, म्हणजे आधी कमी उंची आणि मग हळूहळू वर. ज्या सहलीची आखणी या एका गोष्टीभोवती झालेली असते तिथे फुलेही मिळतात आणि प्रकृतीही ठीक राहते.

अडचण अशी की मुंबई-पुण्याहून जाणारे बहुतेक प्रवासी विमानाने थेट सुमारे 3,500 मीटर उंचीवरच्या लेहमध्ये उतरतात. एप्रिलमध्ये मनालीचा रस्ता बहुधा बंद असतो. श्रीनगरहून येणारा रस्ता झोजी-ला खिंडीतील बर्फ हटवल्यावर सुरू होतो, पण तो नेमका कधी सुरू होईल हे त्या वर्षीच्या हिमवर्षावावर अवलंबून असते आणि सुरू झाल्यावरही हिमस्खलनाच्या भीतीने मधूनमधून थांबवला जातो. एप्रिलच्या उत्तरार्धात जायचे असेल आणि रस्ता खुला झाल्याची खात्री असेल, तर श्रीनगर, सोनमर्ग, कारगिल, लेह हा क्रम शरीरासाठी सर्वांत चांगला होय, कारण त्यात उंची टप्प्याटप्प्याने वाढते आणि वाटेत श्रीनगरच्या ट्यूलिप बागेच्या हंगामाचे शेवटचे दिवसही गाठता येऊ शकतात. मात्र महिन्याच्या सुरुवातीला या रस्त्याच्या भरवशावर परतीची तिकिटे काढू नयेत.

विमानाने जाणाऱ्यांसाठी माझ्या मते बारा ते तेरा दिवसांची पुढील आखणी योग्य ठरते. लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस विश्रांतीचे समजावेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजारात सावकाश फेरी मारण्यापलीकडे काही ठरवू नये. तिसऱ्या दिवशी सिंधूच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेकडे उतरावे. निम्मू येथील झांस्कर-सिंधू संगम आणि बास्गोचा जुना किल्ला वाटेत पाहून खालत्सेमार्गे दाह, हानू, गारकोन या गावांच्या पट्ट्यात पोहोचावे आणि तिथे दोन रात्री राहावे. परतताना स्कुरबुचन, डोमखार, नुर्ला, सासपोल अशी गावे घेत शाम भागात दोन ते तीन रात्री काढाव्यात. या काळात बहरही वर सरकत असतो, त्यामुळे एका ठिकाणी फुले गळाली असली तर पुढच्या गावात ती उमलत असण्याची शक्यता मोठी असते. अखेरीस लेहला परतून, शरीर रुळल्याची खात्री झाल्यावरच, खारदुंग-ला ही खिंड ओलांडून नुब्रा खोरे आणि तुर्तुक गावाकडे जावे.

अनेक सहलींत हाच क्रम उलटा असतो. तिसऱ्याच दिवशी खारदुंग-ला, चौथ्या दिवशी नुब्रा आणि पाचव्या दिवशी सुमारे सव्वाचार हजार मीटर उंचावरचे पँगाँग सरोवर. एप्रिलमध्ये पँगाँगवर बराचसा बर्फ असतो, रात्री थंडी कडाक्याची असते आणि तिथे जर्दाळूचे एकही झाड नाही. फुलांसाठी जाणाऱ्याने ते सरळ वगळावे.

उंचीचा विचार

सह्याद्रीत नियमित भटकणाऱ्यांना आपल्या दमसासाची खात्री असते, आणि इथेच त्यांची गफलत होते. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटर उंच आहे आणि लेह त्याच्या दुपटीहून अधिक उंचावर वसले आहे. लेहमध्ये एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, तर 5,359 मीटरवरील खारदुंग-ला येथे तो जवळजवळ निम्म्यावर येतो. (खिंडीतील फलकावर यापेक्षा मोठा आकडा दिसतो, छायाचित्रापुरता तो चालेल.) विरळ हवेशी जुळवून घेण्याची शरीराची गती व्यायामाने वाढत नाही. तरुण आणि तंदुरुस्त माणसे पहिल्याच दिवशी उत्साहाने फिरतात, म्हणून त्यांनाच अनेकदा अधिक त्रास होतो.

डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे आणि झोप न लागणे ही उंचीच्या त्रासाची सुरुवातीची लक्षणे आहेत. ती दिसल्यास त्याहून वर जायचे नाही, हा नियम सहलीतील प्रत्येकाने आधीच मान्य केलेला असावा. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे ही लक्षणे मात्र जिवावर बेतणारी असतात. अशा वेळी रुग्णाला विनाविलंब खाली उतरवावे आणि रुग्णालयात न्यावे. सिलिंडरमधील प्राणवायू हा तोवर वेळ मिळवून देणारा आधार आहे, तो उपचारांची जागा घेत नाही. लेहमध्ये सोनम नोर्बू स्मृती रुग्णालय आहे आणि तिथल्या डॉक्टरांना अशा रुग्णांचा सराव आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत सुमारे पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असा गिर्यारोहणातील सर्वमान्य संकेत आहे. दिवसा खिंड ओलांडून रात्री खाली झोपायला येणे त्यात बसते. तुर्तुक सुमारे तीन हजार मीटरवर असल्यामुळेच रुळलेल्या प्रवाशाला खारदुंग-ला ओलांडणे झेपते.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे बाजारात डायमॉक्स या नावाने मिळणारी गोळी, जुळवून घेण्याची क्रिया वेगवान करते. परंतु ती घरच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी हे आवर्जून सांगावे. गोळीमुळे बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावे लागते, त्याने घाबरून जाऊ नये. हृदयविकार, फुप्फुसांचे आजार, अनियंत्रित रक्तदाब किंवा गर्भारपण असल्यास तिकिटे काढण्याच्या आधीच वैद्यकीय सल्ला घ्यावा. पहिल्या काही दिवसांत मद्य आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण वर्ज्य समजाव्यात.

वाटाड्या आणि आयोजक निवडताना

महाराष्ट्रातून निघणाऱ्या सहलींत बरोबर मराठी बोलणारा व्यवस्थापक असतो, जेवणात वरण-भात मिळतो आणि वयस्कर मंडळींची काळजी घेतली जाते. या सोयींचे मोल कमी नाही. तथापि बहराच्या सहलीत खरा उपयोग स्थानिक वाटाड्याचा होतो. कोणत्या गावात काल फुले उमलली, कोणत्या वळणावर दरड आली, कोणाच्या बागेत विचारून जाता येईल, ही माहिती त्याला आदल्या रात्री एका फोनवर मिळते. म्हणून आयोजकाला विचारण्याचा पहिला प्रश्न असा असावा की शाम भागात आमच्याबरोबर तिथलाच माणूस असणार की नाही, आणि दुसरा असा की बहर पुढे-मागे झाला तर गावांचा क्रम बदलण्याची मुभा त्याला आहे की नाही. सर्व मुक्काम आधीच भरून टाकलेल्या सहलीत ही मुभा उरत नाही. यासोबतच प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची लिहून मागावी. ती देता न येणाऱ्या आयोजकाने उंचीचा विचारच केलेला नाही, असे समजावे. गाडीत प्राणवायूचा सिलिंडर आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर असते का, हेही विचारावे. ऑक्सिमीटरवरचा आकडा लेहमध्ये घरच्यापेक्षा कमीच येतो, त्यामुळे केवळ आकड्यावर न जाता लक्षणांकडे लक्ष द्यावे.

स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी लेहमध्ये पोहोचून गाडी ठरवली तरी चालते. तिथे टॅक्सी संघटनेचे ठरलेले दरपत्रक असते आणि एप्रिलमध्ये गर्दी कमी असल्याने गाडी सहज मिळते. बाहेरून भाड्याने आणलेल्या खासगी गाडीने पर्यटनस्थळी फिरण्यास स्थानिक चालकांचा विरोध असतो, म्हणून तो मार्ग टाळावा. सीमेलगतच्या गावांसाठी लागणारे शुल्क आणि नोंदणी यांचे नियम अधूनमधून बदलतात; ते काम वाटाड्याकडे किंवा हॉटेलकडे सोपवावे आणि आधारपत्राच्या काही छायाप्रती जवळ ठेवाव्यात.

लडाखच्या पर्यटन विभागाने या बहराचा उत्सव सुरू केला असून ‘चुली मेंदोक’ या नावाने तो वेगवेगळ्या गावांत भरतो. नृत्य, स्थानिक पदार्थ आणि पेहराव एकत्र पाहायचे असतील तर त्या दिवशी जावे. शांतपणे बागा पाहायच्या असतील तर त्याच गावात एक-दोन दिवस आधी किंवा नंतर जाणे बरे.

गावात वावरताना

जर्दाळूला पाने येण्याआधी फुले येतात, त्यामुळे करड्या डोंगरांच्या कुशीत संपूर्ण झाड पांढरे-गुलाबी दिसते आणि छायाचित्राचा मोह आवरत नाही. पाकळ्या उडताना टिपण्यासाठी फांद्या हलवणारे पर्यटक दरवर्षी असतात. प्रत्येक फूल म्हणजे उन्हाळ्यातील एक संभाव्य फळ आहे आणि त्या फळांवर घराचे वर्षाचे उत्पन्न अवलंबून असते, एवढे लक्षात ठेवले तरी हात आपोआप आवरेल. एप्रिल हा जवाच्या पेरणीचाही महिना असतो. झाडे बहुधा शेताच्या बांधावर असतात आणि मोकळी दिसणारी जमीन नुकतीच पेरलेली असू शकते, म्हणून बांधावरूनच चालावे. बर्फ वितळून आलेले पाणी पाटांनी शेतात फिरवले जाते आणि त्याचे वाटप पाहणारा ‘चुरपोन’ गावाने नेमलेला असतो. पाटातील दगड उगाच हलवले तर कोणाच्या तरी पाण्याची पाळी चुकते.

दाह-हानू पट्ट्यातील ब्रोक्पा समाजाबद्दल ‘शुद्ध आर्य’ अशी जाहिरात सर्रास केली जाते. हा शिक्का पर्यटनाने मोठा केला आहे, आणि माणसांना नमुन्यासारखे उभे करून दाखवणारा वाटाड्या मिळाला तर त्याला स्पष्टपणे थांबवावे. तिथल्या स्त्री-पुरुषांच्या शिरोभूषणातील फुले पाहण्यासारखी असतात, पण छायाचित्र विचारून घ्यावे आणि नकार मिळाल्यास आग्रह धरू नये.

तुर्तुकला किमान दोन रात्री द्याव्यात. 1971 च्या युद्धात हे गाव भारताकडे आले आणि 2010 मध्ये पर्यटकांसाठी खुले झाले. येथील लोक बाल्टी भाषा बोलतात, मुस्लिम आहेत आणि बौद्ध लडाखपेक्षा त्यांची घरे, जेवण आणि रीतिरिवाज निराळे आहेत. ओढ्याच्या दोन्ही अंगांना फारोल आणि यूल या वस्त्या आहेत. पूल ओलांडून दगडी गल्ल्यांतून वर चढले की सपाट पठारावर शेते आणि जर्दाळूच्या रांगा लागतात. कुट्टूच्या पिठाची धिरडी इथे अवश्य खावीत. स्त्रियांची छायाचित्रे काढू नयेत, अंगभर कपडे घालावेत आणि लष्करी चौक्या व पूल यांच्याकडे कॅमेरा वळवू नये. खारदुंग-ला बर्फामुळे बंद झाल्यास नुब्राचा हट्ट सोडून त्या रात्री शाम भागात घालवाव्यात. आल्चीच्या विहारातील काश्मिरी शैलीची जुनी भित्तिचित्रे निवांत पाहायला एरवी वेळ पुरत नाही. तिथे आत छायाचित्रणास मनाई आहे.

राहण्यासाठी गावातील घरगुती निवास निवडावा. एप्रिलमध्ये लेहला दिवसा ऊन सुखद असते आणि रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. गोठण्याच्या भीतीने अनेक घरांत नळ बंद असतात, त्यामुळे गरम पाणी बादलीने मिळेल आणि शौचालय पारंपरिक कोरडे असेल याची मनाची तयारी ठेवावी. कपड्यांचे पातळ थर, वारा अडवणारे जाकीट, लोकरी टोपी, गडद चष्मा आणि उन्हाचे मलम पुरेसे होते. रोख रक्कम लेहमध्येच काढून घ्यावी. दुसऱ्या राज्यातील प्रीपेड सिम चालेल असे गृहीत न धरता गटात किमान एक पोस्टपेड क्रमांक असू द्यावा.

परतीच्या विमानासाठी शेवटी एक मोकळा दिवस ठेवावा. लेहची विमाने दुपारनंतर वाढणाऱ्या वाऱ्यामुळे बहुतेक सकाळीच उडतात, आणि हवा बिघडली तर ती रद्द होऊन प्रवासी दुसऱ्या दिवसावर ढकलले जातात. त्याच दिवशी दिल्लीहून मुंबईचे जोडविमान घेणे धोक्याचे आहे. या मोकळ्या दिवशी लेहच्या बाजारात गेल्या हंगामातील सुकवलेले जर्दाळू घेता येतात. ‘रक्तसे कार्पो’ ही पांढऱ्या बीची, गोड जात भौगोलिक मानांकन मिळालेली आहे आणि ती थोडी महाग असली तरी घ्यावी. बियांतील गर घेताना मात्र गोड आणि कडू वेगळे करून मागावेत, कारण कडू गरातून शरीरात सायनाइड तयार होते आणि तो बदामासारखा मूठभर खाण्याचा पदार्थ नाही. जर्दाळूचे तेल घेतल्यास बाटली नीट बांधून मोठ्या सामानात टाकावी. हातातल्या पिशवीतून ती सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाऊ शकते.