जैसलमेरच्या वाळवंटात एकट्याने फिरताय? या चुका टाळा

दर हिवाळ्यात जैसलमेरला तीच तक्रार कानावर येते: 'वाळवंट पाहिलं, पण प्राणी काही दिसले नाहीत.' कुठे राहिला होतात विचारलं की उत्तर ठरलेलं, वाळूच्या टेकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सम गावात एक रात्र. समच्या टेकड्यांवर दिवसा जीप उड्या मारतात आणि रात्री डीजे वाजतो. तिथे खोकड कशाला फिरकेल?

मुळात वाळूच्या टेकड्या म्हणजेच वाळवंट हा समज काढून टाका. थरचा बराच भाग खडकाळ माळ आणि सेवण गवताची कुरणं आहे, अधूनमधून केर, रुई आणि खेजडी, म्हणजे आपली शमी. चिंकारा, खोकड, गिधाडं, माळढोक सगळे इथलेच. समची रात्र वाचवा आणि पहाटे मरुभूमी राष्ट्रीय उद्यानातलं सुदासरी गाठा. परवान्याची चौकशी आदल्या दिवशीच वनखात्याकडे करून ठेवा. हा भाग सरहद्दीजवळचा आहे, ड्रोन घरीच ठेवा.

आता माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक: संध्याकाळी कुणाला न सांगता टेकड्यांत जाणं. जैसलमेरजवळच्या खुरी गावात आमच्या मुक्कामावरचा एक मुलगा असाच सूर्यास्ताला गेला. अर्धी बाटली पाणी, हातात मोबाइल. 'माझ्याच पावलांवरून परत येईन' असं सोबतच्या कुणाला तरी दुपारी म्हणाला होता. वारा सुटला की त्या खुणा किती टिकणार? अंधार पडला तरी तो आला नाही, तेव्हा घरमालक काका आणि त्यांचा भाऊ बॅटरी घेऊन निघाले, त्यांच्यामागे मी. सापडला तेव्हा गाव जेमतेम किलोमीटरभर लांब होतं आणि हा गावाकडे पाठ करून तरातरा चालला होता. दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागेत उतरलं की गावातले दिवे दिसेनासे होतात, आणि नकाशा बघून बघून मोबाइल संपला होता. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बेटा, बोल के जाना था ना." थंडीने त्याचे दात वाजत होते. डिसेंबरातली दुपार उबदार असली तरी रात्री पारा झरकन उतरतो, आणि त्याचं जाकीट खोलीवर होतं.

मी निघताना मुक्कामाच्या घरच्यांना परतायची वेळ सांगते. पहिल्या टेकडीवर चढले की मागे वळून गावाचा टॉवर कुठल्या अंगाला आहे ते बघते. सूर्यास्त गावाला लागून असलेल्या टेकडीवरूनच बघते. वाट चुकलीच तर चालत सुटू नका. उंचावर बसून राहा आणि बॅटरी दाखवत राहा.

दुसरी चूक माळढोकाच्या मागे धावण्याची. सोलापूरजवळ नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य झालं, तो पक्षी तिथे आता जवळजवळ दिसत नाही. देशभरात मिळून दोनशेहून कमी उरलेत, बहुतेक याच जिल्ह्यात. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्यात कुणीतरी फोटोसाठी गाडी रस्ता सोडून गवतात घालतं, तेव्हा मला खरंच संताप येतो. पक्षी मान ताठ करून चालू लागला की तुम्ही आधीच फार जवळ गेलेले असता. उडाला तर वाटेत विजेच्या तारा असतात. समोरचं त्याला नीट दिसत नाही आणि अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही. बरेच माळढोक असेच मेलेत. मी खेजडीखाली बसते, दुर्बीण गुडघ्यावर टेकवते आणि दोन तास हलत नाही. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी किल्ला बघावा.

सांडा, म्हणजे काटेरी शेपटीचा वाळवंटी सरडा, डिसेंबरात शोधू नका, थंडीत तो बिळाबाहेर येत नाही. मार्चमध्ये या. दिसला तरी ती जागा सोशल मीडियावर टाकू नका, तेलासाठी त्याला पकडणारे आजही आहेत.

वाऱ्यात लेन्स बदलू नका. पक्ष्यांना बोलावायला मोबाइलवर त्यांचे आवाज लावू नका.

उघड्यावर झोपायचं तर खाटेवरच, वाळूवर नाही. इथे फुरसं आहे आणि मण्यारही. स्थानिक लोक मण्यारीला 'पीवणा' म्हणतात, झोपलेल्याचा श्वास पिते म्हणून. दंश अनेकदा जाणवतही नाही. शंका आली तरी चिरा देणं, आवळून बांधणं, मंत्र असलं काही करू नका. गाडी काढायला सांगा आणि थेट जैसलमेरचं सरकारी रुग्णालय गाठा.