चेक बाउन्सचा निकाल प्रोलॉगमध्ये कसा मांडायचा, तोही कारणासकट

नागपूरच्या इतवारीत उधारीवर माल अन् पुढच्या तारखेचा चेक हे रोजचंच, आणि तो चेक परत आला की माणूस सिव्हिल लाइन्सला कोर्टाच्या वाऱ्या करतो आणि भेटेल त्याला विचारतो, केस टिकेल का? त्याला "८०% जिंकाल" एवढंच सांगून काय उपयोग, केस कुठे अडेल ते कळलं पाहिजे. म्हणून मला लॉजिकवाली पद्धत पटते, म्हणजे कायद्याचे नियम प्रोलॉग या प्रोग्रामिंग भाषेत लिहायचे आणि निकाल त्यातून काढायचा. नवी नाहीये ती, १९८६ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजवाल्यांनी ब्रिटिश नॅशनॅलिटी ॲक्ट असाच प्रोलॉगमध्ये मांडला होता.

एसडब्ल्यूआय-प्रोलॉग हे प्रोलॉग चालवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते कॉम्प्युटरवर टाका. देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही म्हणून व्हेरिएबलच्या आधी अंडरस्कोर द्यायचा, बाकी नियम मराठीतच लिहिता येतो. चेक बाउन्सचं कलम, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८ घ्या (:- म्हणजे "जर", स्वल्पविराम म्हणजे "आणि"):

गुन्हा(_चेक) :- देणं_होतं(_चेक), चेक_मुदतीत(_चेक), नोटीस_मुदतीत(_चेक), पैसे_नाही_दिले(_चेक).

आता प्रत्येक अट उलगडा. चेक त्यावरच्या तारखेपासून ३ महिन्यांच्या आत बँकेत टाकलेला हवा, बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, मग महिन्याभरात तक्रार. समजा चेक परत आल्याचा बँकेचा मेमो ३ मार्चला हातात आला आणि नोटीस गेली ५ एप्रिलला, तर ३३ दिवस झाले, प्रोग्राम नोटीस_मुदतीत वर थांबतो, ट्रेस (एकेक पायरी दाखवणारी सोय) लावला की ते स्क्रीनवर दिसतं. आणि वाट पण तिथेच सापडते: चेकचे ३ महिने संपले नसतील तर परत बँकेत टाका, परत बाउन्स झाला की ३० दिवस नव्याने मोजायचे.

खरी गंमत कलम १३९ मध्ये आहे, कोर्ट देणं होतं असं गृहीत धरतं आणि ते खोडायचं काम आरोपीचं:

देणं_होतं(_चेक) :- सही_कबूल(_चेक), \+ आरोपीने_खोडलं(_चेक).

\+ म्हणजे "सिद्ध झालं नाही तर", कायदा इथे अगदी तसाच चालतो. आरोपीचं म्हणणं न्यायाधीशांना पटेल का हे मात्र प्रोग्रामला कळत नाही, तेव्हा आरोपीने_खोडलं हे फॅक्ट (प्रोग्रामला आपण दिलेली माहिती) एकदा घालून एकदा काढून दोन्ही निकाल बघाच.

मग नागपूर खंडपीठाचे जुने निकाल घेऊन तपासा. फॅक्ट्स भरताना शेवटचे परिच्छेद वाचू नका हां, नाहीतर उत्तर बघून गणित सोडवल्यासारखं होतं. निकाल जुळला नाही तर फॅक्ट्स वाकवायचे नाहीत, सुटलेला नियम शोधायचा. तक्रार उशिरा होऊनही कोर्टाने घेतलेली दिसली तर कलम १४२ बघा, सबळ कारण असेल तर तो उशीर माफ होतो, तेवढी एक ओळ वाढवा आणि सगळे निकाल परत चालवा.