आनंदीबाईंच्या तान्ह्या बाळाला पुरलेली जागा शोधताय? या चुका टाळा

डॉ. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि बाळ दहाच दिवस जगलं. त्या दुःखातूनच त्या पुढे पेनसिल्व्हेनियाच्या मेडिकल कॉलेजात पोचल्या, हे आपण शाळेपासून ऐकतो. बाळाला पुरलं कुठे, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. त्यांचे पती गोपाळराव मूळचे संगमनेरचे, म्हणजे आमच्या नाशिकच्या शेजारचेच, म्हणून आम्हा मंडळींना हा शोध अंमळ जवळचा.

नाशिककराची पहिली धाव रामकुंडावर. अस्थी घेऊन येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत पिढ्यान्‌पिढ्या सापडतात, मग हे बाळ का नाही? मीही तेच केलं. अर्धा दिवस गेला, चहा तेवढा तीनदा झाला. शेवटी गुरुजीच म्हणाले, "अहो, एवढ्याशा जिवाच्या अस्थी कोण आणतं?" खरंच की. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला अग्नी नाही, गावाबाहेर पुरायचं, अस्थिसंचय नाही, असं मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातच आहे. अस्थीच नाहीत तर गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, येणार कोण आणि वहीत लिहिणार काय! म्हणूनच समाधी, वृंदावन, कोरीव दगड यांच्यामागेही लागू नका.

नावावरून शोधणं ही त्याहून मोठी चूक. बारसं बाराव्या दिवशी, बाळ गेलं दहा दिवसांचं. कुठल्या वंशावळीत त्याचं नाव दिसलंच, तर ते कुणी आणि कशावरून घातलं हे आधी विचारा. आईचं माहेरचं नाव यमुना, हेही ध्यानात असू द्या. आणि सरकारी दाखल्याची फार आशा नको. जन्ममृत्यूची नोंद देशभर सक्तीची करणारा कायदा १९६९चा आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे कल्याणला, असं धरून चालणारेही पुष्कळ. शोधाची सुरुवात तिथून करा, पण रीत म्हणजे पुरावा नव्हे. त्याआधी साल पक्कं करा. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५चा. 'चौदाव्या वर्षी' म्हणजे चौदावं लागलेलं की चौदा पूर्ण? पहिलं धरलं तर मार्च १८७८पासून मोजायचं, दुसरं धरलं तर मार्च १८७९पासून. गोपाळराव टपाल खात्यात, कल्याण, अलिबाग, कलकत्ता अशा बदल्या होणारे. वर्ष चुकलं की गावही चुकायचं.

कादंबरीतला किंवा सिनेमातला प्रसंग पुरावा म्हणून पुढे करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, दमायला होतं.

अमेरिकेतल्या पोकीप्सीच्या दफनभूमीतल्या दगडाचा फोटोही 'आई-बाळाची समाधी' म्हणून पुढे ढकलू नका. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा अमेरिकेतल्या त्यांच्या स्नेही कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली, तिच्यासाठी तो दगड. बाळ त्याआधी सात ते नऊ वर्षं इथल्याच मातीत गेलेलं.